कानपिळीचा रीटेक

गेले पाच शनिवार मी एकच काम करतोय. फोटोग्राफर शोधतोय. लग्न ठरलंय (हो, अस्मादिकांचंच. अभिनंदनाचा स्वीकार यथावकाश केला जाईल). तारीख निघाली, कार्यालय मिळालं, जेवणाचं होणाऱ्या सासऱ्यांनी परस्पर ठरवून टाकलं, आणि आम्हा दोघांकडे मिळून एकच काम सोपवलं - फोटोवाला बघा. घरच्यांचा हिशोब सरळ होता. कॉम्प्युटरवाली पोरं आहेत, बसल्या जागी दोन तासांत उरकतील.

पाच शनिवार झाले!

तसं म्हटलं तर दोन तासांत उरकणं अवघड नाहीये. इन्स्टाग्राम उघडायचं, डोळे दिपतील असे फोटो ज्याच्याकडे आहेत त्याला मेसेज टाकायचा, कोटेशन मागवायचं, ते बघून एक ग्लास पाणी प्यायचं, दहा टक्के कमी करून घ्यायचे आणि टोकन देऊन मोकळं व्हायचं. मी हे एकदा केलंय. अगदी अश्शाच पद्धतीनं. म्हणूनच आता पाच शनिवार लागलेत.

डिसेंबर २०१९. ताईचं लग्न. मी नुकताच इंजिनिअर होऊन नोकरीला लागलेलो, खिशात पहिले चार-पाच पगार आणि डोक्यात भलती हवा. ‘फोटोग्राफीचं मी बघतो’ असं मीच जाहीर करून टाकलं. बाबांचं म्हणणं होतं की नेहमीच्या स्टुडिओवाल्या काकांना सांगू. त्यांनी माझ्या मुंजीचे फोटो काढले होते, आईबाबांच्या पंचविसाव्या वाढदिवसाचे काढले होते, घरातल्या प्रत्येकाचे पासपोर्ट साइज काढले होते. मी नाक मुरडलं. काकांचे फोटो म्हणजे स्टेजवर सगळे एका रांगेत, हात सरळ खाली, अंगावर फ्लॅशचा पांढरा झोत, मागच्या पडद्यावर प्रत्येकाची काळीकुट्ट सावली. आणि अल्बम? आमच्या मामाच्या २००६ सालच्या अल्बममध्ये मामा-मामी चक्क स्वित्झर्लंडच्या बर्फात उभे आहेत. मामा आयुष्यात बेळगावच्या पलीकडे गेलेला नाही. शेवटच्या पानावर दोघं एका गुलाबाच्या फुलात आहेत ते वेगळंच.

तर मी म्हटलं, छे, आपल्याला कँडिड पाहिजे. नैसर्गिक. कुणी कॅमेऱ्याकडे बघत नाहीये, नवरी खुदकन हसतेय, मागे दिव्यांचे धूसर गोळे. असे फोटो काढणारी एक टीम सापडली. मुख्य फोटोग्राफर कॅफेत भेटला, कॉफीचे पैसेही त्यानेच दिले, आणि टॅबवर अशी काही लग्नं दाखवली की ताई म्हणाली, “मी अशी दिसणारे? मग घे याला!” बजेटच्या बाहेर जात होतं, म्हणून मी अजून एक हुशारी केली. पारंपरिक फोटोवाला पॅकेजमधून काढूनच टाकला. सगळंच कँडिड. बाबा म्हणाले, “अरे, पण स्टेजवरचे ग्रुप फोटो?” मी म्हटलं, “बाबा, ते आता कुणी बघत नाही.”

हे वाक्य मला अजून आठवतं. नको तेव्हा आठवतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी सात वाजता दोन पोरं आली. चांगली होती, नम्र होती, पण कॅफेतला तो मुख्य फोटोग्राफर त्यांच्यात नव्हता. “सर दुसऱ्या साइटवर आहेत.” दुसरी साइट म्हणजे नाशिकचं लग्न. त्या पोरांपैकी एकाने गप्पांच्या ओघात सांगितलं की त्या दिवशी त्यांच्या टीमची चार लग्नं होती आणि तो स्वतः आदल्याच आठवड्यात फ्रीलान्सर म्हणून जॉइन झाला होता.

इथे मी चिडलो होतो, पण खरं तर मला चिडायचा काही अधिकार नव्हता. आमच्या धंद्यात आम्ही दुसरं काय करतो? क्लायंटच्या पहिल्या कॉलला पंधरा वर्षं अनुभवाचा आर्किटेक्ट टाय लावून बसतो, आणि प्रोजेक्ट मिळालं की बेंचवरचा फ्रेशर उचलून तिथे टाकतात. तो फ्रेशर मी होतो तेव्हा. ऑफिसमध्ये रोज बघत होतो, तरी ताईच्या लग्नाचा करार करताना मला हा प्रश्न सुचला नाही की बाबा रे, त्या दिवशी येणार कोण?

आणि याचं कारण कुणाचा लबाड स्वभाव वगैरे नाहीये, कॅलेंडर आहे. चातुर्मास संपला, तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे लग्नांचा सीझन उघडतो. पंचांगातले मुहूर्त मोजके. त्यातले शनिवार-रविवारी येणारे त्याहून मोजके, कारण आता मुहूर्ताइतकीच सुट्टीही बघतात. म्हणजे अख्ख्या गावाला फोटोग्राफर पाहिजे तोही त्याच पंचवीस-तीस दिवसांत. बाकी वर्षभर त्याचं दुकान, कॅमेऱ्याचे हप्ते, एडिटिंगच्या पोराचा पगार चालूच. मग एका चांगल्या दिवसाची चार कामं घेणं त्याला भागच पडतं, आणि चार ठिकाणी एकटा माणूस पोचू शकत नाही. हे एकदा लक्षात आलं की पहिला प्रश्न ‘पॅकेज किती’ हा राहत नाही. ‘आमच्या मुहूर्ताच्या दिवशी तुमची एकूण कामं किती, आणि आमच्याकडे येणार त्या माणसाने काढलेलं एक अख्खं लग्न दाखवा’ हा होतो. यंदा मी ज्यांना हे विचारलं त्यातल्या दोघांनी नंतर मेसेजला उत्तरच दिलं नाही. छान झालं, दोन कमी झाले.

असो. तर ती पोरं कामाला लागली. होम पेटला, लाजाहोमाची वेळ झाली. आता नवरीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळायचा. माझ्या आयुष्यातला एकमेव अधिकृत अधिकार! मी पुढे झालो, जिजाजींचा कान धरला, बऱ्यापैकी पिळला. जिजाजी कळवळले, दोन्हीकडची मंडळी खो-खो हसली, आजी तोंडाला पदर लावून हसत होती, आणि तीन सेकंदांत सगळं संपलं. कॅमेरेवाला पोरगा तेव्हा ताईच्या मेंदीचा क्लोजअप घेत होता. हशा ऐकून वळला आणि म्हणाला, “सर, काय झालं? परत एकदा करता का?”

केलं परत. मग फोकस नीट नव्हता म्हणून तिसऱ्यांदा केलं. आज अल्बममध्ये जो फोटो आहे तो तिसऱ्या वेळचा आहे. मी जिजाजींचा कान जणू काही मोबाईलची बॅटरी तपासावी तसा धरलाय, जिजाजी सौजन्याने दात दाखवतायत, आणि मागे सगळे होम कधी उरकतोय याची वाट बघतायत. याचं नाव कँडिड. :)

त्या पोराची चूक नव्हती. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की कानपिळी नावाचं काही असतं. आपल्या लग्नात बघण्यासारख्या गोष्टी सगळ्या अशाच आहेत, दोन-तीन सेकंदांच्या. अंतरपाट खाली येतो तो एक क्षण. सूनमुख बघताना आरशात सासूचा आणि सुनेचा चेहरा एकत्र येतो तो एक क्षण. झाल डोक्यावर ठेवताना नवरीची आई जे काही लपवायचा प्रयत्न करत असते ते. हे कधी होणार, कुठल्या बाजूने दिसणार, हे ज्याला आधीपासून माहीत आहे तोच तिथे आधीपासून उभा राहणार. तिथे महागडी लेन्स काही कामाची नाही. उलट जुन्या स्टुडिओवाल्या काकांना हे सगळं झोपेतही माहीत असतं, कारण त्यांची अख्खी घडण रोलच्या जमान्यातली. एका रोलमध्ये ३६ फोटो. आईबाबांच्या १९९२ सालच्या लग्नात चार रोल झाले, म्हणजे जास्तीत जास्त १४४ फोटो. त्या १४४ मध्ये दोन्हीकडचं एकूण एक माणूस आहे. बाबांच्या ऑफिसचा शिपाईसुद्धा आहे. ताईच्या लग्नात ३,२०० फोटो काढले.

त्या ३,२०० मध्ये माझे आजोबा नाहीत.

म्हणजे आहेत, आणि नाहीत. सांगतो.

आजोबा तेव्हा ८१ वर्षांचे. ताई म्हणजे त्यांची पहिली नात. तिच्यासाठी त्यांनी स्वतः मंगलाष्टक रचलं होतं. चांगलं शार्दूलविक्रीडितात, अक्षरगणवृत्तात, ओळीला मोजून १९ अक्षरं, त्यात दोन्ही घरांची नावं, कुलदैवत, ताईची डिग्री पण बसवली होती. दोन महिने रोज संध्याकाळी त्याचा रियाज चालला होता. लग्नात ते स्टेजच्या एका कडेला उभे राहिले, एका हातात माइक, एका हातात थरथरणारा कागद, आणि न अडखळता सगळं म्हटलं. शेवटच्या ‘सावधान’ला आवाज चिरकला. मी अंतरपाटाच्या मागे ताईच्या पाठीशी उभा होतो, मला दिसत नव्हते, फक्त ऐकू येत होते.

अल्बमची लिंक आली तेव्हा आम्ही सगळे खूश होतो. ताई खरंच सुंदर दिसत होती. आजोबा अकरा फोटोंत सापडले. ताईच्या डोळ्यांवर फोकस, लेन्स एफ १.४ वर उघडलेली, आणि मागे एक पांढरट धूसर डाग, त्या डागाच्या वर गुलाबी डाग. तो गुलाबी म्हणजे आजोबांचा फेटा. जे धूसर गोळे मला इतके आवडले होते ना, त्यातला एक गोळा माझे आजोबा होते. स्टेजवरचा ग्रुप फोटो नाही, कारण तो मी पॅकेजमधून काढला होता.

तरी तेव्हा काही वाटलं नाही. व्हिडिओत असेलच की! व्हिडिओ चार महिन्यांनी आला. साडेसहा मिनिटांचा सिनेमॅटिक. स्लो मोशनमध्ये अक्षता, स्लो मोशनमध्ये ताई, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक हिंदी गाणं. आजोबा त्यात चार सेकंद आहेत. ओठ हलतायत, आवाज गाण्याचा.

ऑगस्ट २०२२ मध्ये आजोबा गेले. तेराव्यानंतर आजी म्हणाली, “ह्यांचं ते मंगलाष्टक लाव रे एकदा.” तिला वाटत होतं ते आहे आपल्याकडे. मी म्हटलं, शोधतो. फोटोग्राफरला फोन केला. तो नीट बोलला, वाईट वाटलं म्हणाला, आणि म्हणाला की रॉ फुटेज डिलिव्हरीनंतर ९० दिवसांनी डिलीट करतो, करारात लिहिलंय. मी करार उघडला. खरंच लिहिलं होतं. पाचव्या पानावर. खाली माझी सही. सॉफ्टवेअर इन्स्टॉल करताना आपण ‘आय ॲग्री’ दाबतो तश्शी केलेली.

आजीला मी सांगितलं की फाइल खराब झाली. हार्ड डिस्कवर ढकललं. इंजिनिअर असण्याचा एवढा तरी उपयोग.

तर हे सगळं पाठीशी असलेला माणूस जेव्हा स्वतःच्या लग्नाचा फोटोग्राफर शोधायला बसतो, तेव्हा पाच शनिवार लागतात. होणाऱ्या सौ.चा तिसऱ्या शनिवारी पेशन्स संपला. आम्ही एका स्टुडिओतून बाहेर पडलो होतो, तिथे मी त्या बिचाऱ्याची अर्धा तास बॅकअप पॉलिसीवर उलटतपासणी घेतली होती. ती म्हणाली, “अरे, तुला वाईट वाटतंय ते मला कळतं. पण त्याची वसुली माझ्या लग्नात करू नकोस. मला छान फोटो पाहिजेत. ताईंचा तो हसतानाचा फोटो बघितलायस ना? तसा एक तरी मला पाहिजे. रांगेत उभं करून कुणी तसा काढेल?”

उत्तर नव्हतं. कारण ताईचा तो फोटो खरंच अप्रतिम आहे. हॉलमध्ये भिंतीवर लावलाय तिने. कँडिड वाईट आणि जुनं ते सोनं, असं म्हणणं सोपं आहे पण ते खोटं आहे. स्टुडिओवाल्या काकांना तो फोटो दिसलाच नसता. त्यांनी आधी ताईला ‘मॅडम, इकडे बघा’ म्हटलं असतं आणि हसू विझलं असतं. माझी चूक कँडिड घेण्यात नव्हती. लग्न फक्त दोघांचं असतं असं समजण्यात होती.

आता हे ‘फक्त दोघांचं’ आलं कुठून, तर विकणाऱ्याकडून. इन्स्टाग्रामवर कुणाच्या आजोबांचा फोटो टाकून पुढचं काम मिळत नाही. देखणी नवरी, संध्याकाळचं ऊन, रिसॉर्टची हिरवळ, यावर मिळतं. प्रदर्शनात जे मांडतात तेच गिऱ्हाईक मागतं, गिऱ्हाईक मागतं तेच काढतात. प्रीवेडिंगचं बघा ना. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर मी मागच्या हिवाळ्यात सहज गेलो होतो, नाना फडणवीसांचा वाडा बघायला. घाटावर तीन जोडपी. एक पायऱ्यांवर, एक घंटेपाशी, एक आपला नंबर लागायची वाट बघत गाडीत. तिन्ही नवऱ्या मुलींचे गाऊन एकाच लांबीचे. आम्ही प्रीवेडिंग कापलं. ड्रोनही कापला. व्यावसायिक कामासाठी ड्रोन उडवायचा तर काही अगदी हलके ड्रोन सोडता २०२१ च्या नियमांप्रमाणे चालवणाऱ्याकडे प्रमाणपत्र लागतं, हे विचारल्यावर “सर, आजपर्यंत कुणी विचारलं नाही” असं उत्तर मिळालं. वाचलेले पैसे कुठे गेले ते पुढे येईलच.

बरं, फोटो बघूनच ठरवायचं असेल तर कुठले बघायचे? निवडक मुळीच नाही. ज्याने दीडशे लग्नं केलीत आणि प्रत्येकात हजार फोटो काढलेत, त्याच्याकडे पन्नास सुंदर फोटो असणारच. नसतील तर त्याने दुसरा धंदा बघावा. आम्ही डेमोला जो डेटा वापरतो तो कधी फेल होतो का? मी सगळ्यांकडे एकच मागितलं. साध्या मंगल कार्यालयातलं, बंद हॉलमधलं, एक अख्खं लग्न, पहिल्या फोटोपासून शेवटच्या फोटोपर्यंत. रिसॉर्टवरच्या संध्याकाळी चांगला फोटो कुणाचाही येतो. कार्यालयात काय असतं? वर पिवळे दिवे, बाजूला पांढऱ्या ट्यूब, स्टेजवर डेकोरेशनवाल्याचे जांभळे एलईडी, आणि नवऱ्याच्या डोळ्यांत घातलेला व्हिडिओवाल्याचा झगझगीत लाइट. एका चेहऱ्यावर चार रंगांचा उजेड. त्यातून हळदीनंतरचा चेहरा हळदीसारखा न दिसता माणसासारखा दिसतोय का, ते बघा. मागे मोठी एलईडी भिंत असेल तर फोटोत आडवे पट्टे आलेत का बघा, शटरचा वेग चुकला की येतात. आणि माझी सगळ्यात आवडती कसोटी म्हणजे पंगतीचे फोटो. पंगत कुणी फोटोग्राफर मन लावून काढत नाही, कारण तिथे ‘शॉट’ नसतो. लोक घास घेताना विचित्र दिसतात. पण सगळे नातेवाईक सापडण्याची तीच जागा आहे. ज्याने पंगतीत वाकून, थांबून, म्हाताऱ्यांचा घास पोटात जाऊ देऊन मग फोटो काढलाय, तो माणूस मला पाहिजे.

एक आगाऊपणा म्हणून मी सहा जणांना विचारलं, कानपिळी कधी असते? दोघांना बरोबर माहीत होतं. एकजण म्हणाला, “सर, तुम्ही सांगा, स्टोरीबोर्डमध्ये ॲड करून देतो.” :)

कागदाबद्दल थोडं बोललंच पाहिजे, कारण माझं नुकसान तिथेच झालं. आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं की फोटो काढणाऱ्याचा फोटो. तसं नाहीये. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ बघा. तुम्ही पैसे देऊन, तुमच्या सांगण्यावरून फोटो किंवा फिल्म काढून घेतली, तर तिचे पहिले मालक तुम्ही. पण पुढे एक शेपूट आहे, वेगळा करार नसेल तर. आणि ते पाच पानी छापील पॅकेज म्हणजे नेमका तो वेगळा करार असतो. त्यात हक्क त्यांच्याकडे जातात, तुमचे फोटो त्यांच्या जाहिरातीला वापरायची परवानगी तुम्ही देता, आणि रॉ मिळणार नाही हेही तुम्हीच मान्य करता. ही वाक्यं खोडता येतात. पेनने. बाजूला दोघांच्या सह्या. जाहिरातीचं वाक्य होणाऱ्या सौ.नी स्वतः खोडलं, तिला तिचा चेहरा कुणाच्या तरी ऑफर पोस्टवर नको होता. रॉ फोटोंबद्दल मात्र मी ताणून धरलं नाही. एक रॉ फाइल पंचवीस-तीस एमबीची, चार हजार झाल्या की शंभर जीबी, आणि त्या उघडून बघणार कोण? शिवाय कच्चं काम बाहेर गेलं की त्याचं नाव खराब होतं, ही त्याची भीती रास्त आहे. मीही माझा अर्धवट कोड कुणाला दाखवत नाही. व्हिडिओचं वेगळं. विधी चालू असतानाचं सलग चित्रीकरण, मूळ आवाजासकट, कापाकापी न करता, माझ्या हार्ड डिस्कवर. त्याशिवाय शेवटचा हप्ता नाही. गाणं टाकून सहा मिनिटांची फिल्म करायची असेल तर खुशाल करा, वर ठेवा.

दुसरी बाजूही सांगतो. या पाच आठवड्यांत फोटोग्राफर लोकांचे जे किस्से ऐकले ते ऐकून मला आपलीच लाज वाटली. सकाळी सहाला सुरू, रात्री अकराला वरात संपली की सुटका. गळ्यात दोन कॅमेरे. अंतरपाट सरकतो त्या क्षणी पुढे वीस मोबाईल येतात, त्यातला एक नवरीच्या काकांचा, त्यांना बाजूला व्हा कोण म्हणणार? जेवायला पान वाढलं की हाक येते, मुंबईची मंडळी निघालीत, एक फोटो घ्या. शेवटचा हप्ता सहा-सहा महिने थकतो, आणि मग तो हार्ड डिस्क अडकवून ठेवतो तेव्हा आपण त्याला ब्लॅकमेलर म्हणतो. आमच्या लग्नात फोटोवाल्यांचं पान पहिल्या पंगतीत. हे मी सासऱ्यांना सांगून ठेवलंय आणि त्यांनी केटररला.

पाचव्या शनिवारी आम्ही साताऱ्याला गेलो. लग्न तिथेच आहे, तिच्या माहेरी. कँडिडसाठी पुण्यातली एक मुलगी ठरली होती आधीच. एकटीच काम करते, एका दिवशी एकच लग्न घेते, त्यामुळे ‘येणार कोण’ हा प्रश्नच नाही. प्रीवेडिंगचे पैसे तिच्याकडे गेले. राहिला होता पारंपरिक फोटो आणि व्हिडिओवाला. होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, “इथलेच एक आहेत, हिच्या बारशाचे फोटो त्यांनीच काढलेत. भेटून तरी या.” इन्स्टाग्रामवर पत्ता नाही. दुकानावरच्या पाटीचा निम्मा रंग उडालेला. आत काचेखाली पासपोर्ट फोटोंचे नमुने, त्यातले काहीजण आता आजोबा झाले असतील.

मी माझी यादी काढली. त्यांनी चहा मागवला. मी बॅकअप विचारला. म्हणाले, कॅमेऱ्यात दोन कार्डं असतात, दोन्हीवर एकदमच पडतं, रात्री घरी गेल्यावर दोन डिस्कवर घेतो, मगच झोपतो. आवाजाचं विचारलं. म्हणाले, “कॅमेऱ्याच्या माइकवर काय येतंय साहेब? नुसता कलकलाट. साउंडवाल्याच्या मिक्सरमधनं लाइन घेतो, आणि एक रेकॉर्डर वेगळा ठेवतो. लाइट गेली तरी ते चालूच.” फुटेज किती दिवस ठेवता? तर हसले आणि मागच्या कपाटाकडे हात केला. व्हीएचएसच्या कॅसेटी, सीड्या, डीव्हीड्या, डिस्क. प्रत्येकावर आडनाव आणि तारीख. “टाकवत नाही,” म्हणाले.

मग त्यांनी यादी काढली. म्हणजे खरोखरच, दुरेघी वही. कार्यालय कुठलं? बोहलं पूर्वेला का उत्तरेला मांडणार? मुहूर्त किती वाजताचा? बारा चाळीस म्हटल्यावर मान हलवली, म्हणाले तेव्हा डावीकडच्या खिडकीतून ऊन येतं, पडदा लावून घ्यायला सांगा. चालता न येणारं कोण आहे? ते कुठे बसणार? तुमच्याकडची आजी आहे का? नाव काय? आणि मग विचारलं, “मंगलाष्टका भटजीच म्हणणार का घरातलं कोण?”

आतापर्यंत भेटलेल्या कुणीही हे विचारलं नव्हतं. मी होणाऱ्या सौ.कडे बघितलं. ती टेबलावरच्या नमुन्याच्या फोटोंकडे बघत होती.

“वडील म्हणणारेत,” मी म्हटलं. “आजोबांनी ताईसाठी लिहिलेल्यातच नावं बदलून.” तो कागद आईने जपून ठेवलाय. बाबा हल्ली बाथरूममध्ये सराव करतात. होणाऱ्या सुनेचं नाव एका अक्षराने लांब आहे, ते वृत्तात बसत नाही, त्यावरून घरात रोज वाद चालू आहेत.

काका लिहीत होते. वही उलटी असूनही मला वाचता आली. ‘मुलाचे वडील. मं.अ. स्टेजची उजवी बाजू. चष्मा आहे, लाइट समोरून नको. १ कॅमेरा फक्त त्यांच्यावर.’